स्टेरॉइडने थकवलेले हाड: ग्रोथ फॅक्टर कुठवर पुरतात?

मोडलेले हाड जुळवण्याचा आदेश पेशींना देणारे बीएमपी-2 हे प्रथिन (अशा आदेश देणाऱ्या प्रथिनांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात) औषध म्हणून वापरायला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुलै 2002 मध्ये पहिली परवानगी दिली. त्याला आता वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. या प्रथिनाची सर्वांत जास्त गरज कुणाला असावी, हे शोधायला फार डोके खाजवावे लागत नाही. आमवात, ल्यूपस, दमा, मूत्रपिंडाचे रोपण अशा कारणांनी जे लोक वर्षानुवर्षे प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या घेतात, त्यांची हाडे मोडतात लवकर आणि जुळतात उशिरा. कधी जुळतच नाहीत. तरीही नेमक्या याच रुग्णांना समोर ठेवून माणसांवरची मोठी चाचणी उभी राहिलेली नाही. आहे तो पुरावा बहुतांशी सशांचा आणि उंदरांचा, आणि तो वाचताना मन फार लवकर आशावादी होते. या आढाव्यात मांडायचे आहे ते इतकेच, की स्टेरॉइडने बिघडवलेल्या हाडात उणीव केवळ आदेशाची नसते. आदेश पाळणाऱ्या पेशी घटलेल्या असतात, त्यांना रसद पोचवणाऱ्या रक्तवाहिन्या आखडलेल्या असतात, आणि आदेश जागेवर धरून ठेवणारी चौकटही धड नसते. कामावर मजूरच उरले नसतील तर दुसरा मुकादम पाठवून भिंत उभी राहत नाही. ग्रोथ फॅक्टर यामुळे निरुपयोगी ठरतात असे नाही. ते कुठे, केव्हा आणि कशाच्या जोडीने द्यायचे हा प्रश्न ‘कोणते प्रथिन’ या प्रश्नाहून मोठा आहे, आणि संशोधनाचा भर मात्र बराच काळ त्या दुसऱ्या प्रश्नावर राहिला.

स्टेरॉइडला खलनायक ठरवणे सोपे आहे. 1948 च्या सप्टेंबरात मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिझोन हे स्टेरॉइड दिले आणि काही दिवसांत ती चालू-फिरू लागली. 1950 चे नोबेल त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना मिळाले ते उगाच नव्हे. पण त्याआधीच, 1932 मध्ये, हार्वी कुशिंग यांनी ज्या विकाराचे वर्णन केले होते, त्यात शरीरातच जास्त तयार होणाऱ्या याच जातीच्या संप्रेरकामुळे हाडे ठिसूळ होतात हे दिसलेले होते. म्हणजे औषधाची किंमत औषधाच्याही आधी ठाऊक झाली होती. किंमत किती, ते पुढे ब्रिटनमधल्या जनरल प्रॅक्टिसच्या नोंदींवरून व्हान स्टा आणि सहकाऱ्यांनी 2000 साली मांडले. स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्या 2,44,235 लोकांची त्यांनी तितक्याच इतरांशी तुलना केली. रोज साडेसात मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांत खुब्याचे हाड मोडण्याचा धोका 2.27 पट आणि मणक्याचे हाड दबण्याचा 5.18 पट निघाला. रोज अडीच मिलिग्रॅमहून कमी, म्हणजे ‘नाममात्र’ डोस घेणाऱ्यांतही मणक्याचा धोका दीडपटीवर होता. या अभ्यासातली खरी दखल घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. धोका गोळ्या सुरू झाल्यावर काही महिन्यांतच चढतो आणि बंद केल्यावर बऱ्यापैकी उतरतो. हाडाची घनता इतक्या लवकर ना घटते ना भरून येते. म्हणजे घनतेच्या पलीकडे, हाडाच्या जिवंतपणातच काही तरी बिघडत असले पाहिजे.

ते काय, याचा सर्वांत स्वच्छ पुरावा 1998 मध्ये रॉबर्ट वाइनस्टाइन आणि स्टाव्रोस मॅनोलागस यांच्या गटाने दिला. उंदरांना 27 दिवस प्रेडनिसोलोन दिल्यावर हाड घडवणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट पेशींचा आपणहून मरण्याचा वेग तिपटीने वाढला, आणि घट्ट हाडाच्या आत कोंडून राहिलेल्या ऑस्टिओसाइट पेशीही मरू लागल्या. या ऑस्टिओसाइट म्हणजे हाडाचे पहारेकरी. बारीक चिरा कुठे पडल्या, ताण कुठे वाढला, हे त्याच कळवतात. ही झाली एक बाजू. दुसरी अशी की मज्जेतल्या ज्या मूळ पेशी हाडाकडे वळायच्या, त्या स्टेरॉइडच्या प्रभावाखाली चरबीकडे वळतात. तिसरी, रक्तवाहिन्यांना वाढायला लावणाऱ्या व्हीईजीएफचे उत्पादन मंदावते. चौथी, आयजीएफ-1 सारखे शरीराचे स्वतःचे ग्रोथ फॅक्टर कमी तयार होतात, आणि बीएमपी व वंट या हाड घडवणाऱ्या संदेशांना अडवणारी प्रथिने मात्र वाढतात. शिवाय हाड मोडल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत जी सूज येते, जिच्यात रक्ताच्या गुठळीतून पीडीजीएफ, टीजीएफ-बीटा असे संदेश सुटतात आणि सगळ्या पुढच्या कामाची सुरुवात होते, तीच सूज दाबणे हे तर स्टेरॉइडचे ठरलेले काम. इथे एक विरोधाभास आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. प्रयोगशाळेत मज्जेच्या पेशींपासून हाड घडवायचे झाले तर त्यांच्या पोषक द्रावात जे घटक घालतात, त्यांत डेक्सामेथासोन असते, म्हणजे स्टेरॉइडच. अगदी अल्प प्रमाणात, ठरावीक काळ दिलेले स्टेरॉइड मूळ पेशीला हाडाच्या वाटेवर ढकलते. मोठ्या डोसात, महिनोन्‌महिने दिलेले तीच वाट बंद करते. यावरून एक धडा घ्यावा लागतो: स्टेरॉइड आणि ग्रोथ फॅक्टर यांना सरळसोट शत्रू मानून, एकाने घालवलेले दुसऱ्याने भरून काढायचे, असा हिशेब मांडता येणार नाही.

आता ग्रोथ फॅक्टरची बाजू. 1965 मध्ये मार्शल युरिस्ट यांनी हाडातले क्षार आम्लाने काढून टाकले, उरलेला मऊ भाग प्राण्यांच्या स्नायूत ठेवला, आणि जिथे हाड असण्याचे काही कारण नव्हते तिथे हाड तयार झाले. हाडातच हाड घडवण्याचा आदेश साठवलेला असतो, हा त्याचा अर्थ. पुढे शिकागोत चार्ल्स हगिन्स यांच्याकडे काम करणाऱ्या, दिल्ली विद्यापीठात डॉक्टरेट केलेल्या हरि रेड्डी यांनी या घटनेचे वेळापत्रकच लावून दिले. क्षाररहित हाडाची भुकटी उंदराच्या कातडीखाली ठेवली की पहिल्या आठवड्यात तिथे कूर्चा दिसते, दहाव्या-अकराव्या दिवसाच्या सुमाराला हाड, आणि तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस त्या हाडात मज्जा. गर्भात हाड ज्या क्रमाने घडते, तोच क्रम कातडीखाली. 1981 मध्ये कुबेर संपत आणि रेड्डी यांनी या भुकटीचे दोन भाग केले: एक विरघळून बाहेर येणारी प्रथिने, दुसरा मागे उरलेला कोलॅजनचा सांगाडा. विरघळलेली प्रथिने एकटी ठेवली तर हाड झाले नाही. सांगाडा एकटा ठेवला तरी झाले नाही. दोन्ही पुन्हा एकत्र केले आणि हाड परत घडू लागले. या प्रयोगाचे नाव बहुधा बीएमपी वेगळे काढण्याच्या वाटेवरची एक पायरी म्हणून घेतले जाते. माझ्या मते त्याचा दुसरा अर्थ जास्त मोलाचा होता आणि तो पुरेसा ऐकला गेला नाही. आदेशाला बसायला जागा लागते. 1988 मध्ये जॉन वोझ्नी आणि सहकाऱ्यांनी बीएमपीची जनुके शोधून काढली, प्रथिन कारखान्यात हवे तितके बनवता येऊ लागले, आणि मग लक्ष सगळे आदेशावर गेले. जागेचा प्रश्न कोलॅजनच्या एका स्पंजावर सोपवला गेला.

स्टेरॉइडच्या संदर्भातला नेमका पुरावा पाहू. स्टेरॉइड दिलेल्या सशांचे हाड कापून ते जुळते का, असे प्रयोग अनेकांनी केले, आणि जुळणे मंदावते हे त्यांत पुन:पुन्हा दिसले. 2002 मध्ये लुपेन आणि सहकाऱ्यांनी अशाच सशांच्या कापलेल्या हाडाशी कोलॅजनच्या स्पंजातून बीएमपी-2 ठेवले, तेव्हा जुळणी सुधारली. कातडीच्या जखमेबद्दलही समांतर निष्कर्ष आहे: टीजीएफ-बीटा एकदाच शिरेतून दिल्याने स्टेरॉइडने रखडलेली जखम भरून येण्याचा वेग वाढला, असे 1993 मध्ये उंदरांत दिसले. हे निष्कर्ष खोटे ठरवायचे काही कारण नाही. बाहेरून दिलेला जोरदार आदेश स्टेरॉइडच्या अडथळ्यावर मात करू शकतो, एवढे त्यांनी दाखवले, आणि ते थोडे नव्हे. पण प्रयोगातला ससा आणि बाह्यरुग्ण विभागातला रुग्ण यांच्यात किती अंतर आहे तेही मोजले पाहिजे. ससा तरुण असतो, त्याला ल्यूपस नसतो, त्याच्या रक्तवाहिन्या वर्षानुवर्षे सुजलेल्या नसतात; त्याला स्टेरॉइड काही आठवड्यांचेच, आणि त्याचे हाड नेटके, ठरलेल्या जागी, करवतीने कापलेले. रुग्णाचा बहुधा आठ-दहा वर्षांचा आजार, डी जीवनसत्त्वाची कमतरता, हाड चिरडलेले. फिलिप एर्निगू यांच्या गटाने 1999 मध्ये स्टेरॉइडमुळे खुब्याचे हाड मेलेल्या रुग्णांच्या मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकातली मज्जा तपासली, तर तिथल्या मूळ पेशींचा साठाच घटलेला आढळला. सशात आदेश ऐकायला पेशी शिल्लक होत्या. या माणसांत त्या पुरेशा असतील असे गृहीत धरता येत नाही.

माणसांवरची चाचणी पाहिली की चौकटीचा प्रश्न आणखी उघडा पडतो. पायाच्या नडगीचे हाड उघडे मोडलेल्या 450 रुग्णांवरची, बीईएसटीटी या नावाने ओळखली जाणारी चाचणी दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचे गोवेंडर आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केली. नुसत्या नेहमीच्या उपचारांत 46 टक्के रुग्णांना दुसरी शस्त्रक्रिया किंवा तत्सम हस्तक्षेप लागला. जास्त डोसाच्या बीएमपी-2 गटात हे प्रमाण 26 टक्क्यांवर आले. फरक लक्षणीय आहे. पण तो घडवायला प्रथिन किती लागले? दीड मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर या प्रमाणात एकूण 12 मिलिग्रॅम. माणसाच्या किलोभर हाडातून निघणारे बीएमपी मायक्रोग्रॅममध्ये मोजावे लागते. निसर्ग ज्या कामाला कणभर वापरतो, त्याला आपण हजारो पटींनी जास्त ओततो, कारण ओतलेले जागेवर टिकत नाही. शस्त्रक्रियागृहात भुकटीचे द्रावण करतात, कोलॅजनच्या स्पंजावर टाकतात, किमान पंधरा मिनिटे मुरू देतात, आणि मग तो ओला स्पंज मोडलेल्या हाडाभोवती बसवतात. स्नायू परत जागेवर आणून टाके घालताना तो दाबला जातो, आणि द्रावण पिळून आजूबाजूच्या मांसात जाते. जे उरते त्यातलेही बरेचसे पहिल्या काही दिवसांतच निघून जाते. हाड घडायला लागतात आठवडे. पुढे 2011 मध्ये आरो आणि सहकाऱ्यांनी 277 रुग्णांवर, हाडाची पोकळी आतून कोरून (रीम करून) तीत खिळा बसवण्याच्या चांगल्या तंत्रासोबत हीच पद्धत तपासली, तेव्हा जुळण्याचा वेग लक्षणीयरीत्या वाढला नाही. मूळ उपचार सुधारला की प्रथिनाचा जादा फायदा विरघळून जातो, असा त्याचा एक अर्थ. आणि या दोन्ही चाचण्या अपघातात हाड मोडलेल्या लोकांच्या होत्या, वर्षानुवर्षे स्टेरॉइड घेणाऱ्यांच्या नव्हेत.

या मोठ्या डोसाची किंमत पाठीच्या शस्त्रक्रियांत चुकवावी लागली. मानेच्या मणक्यांत बीएमपी-2 वापरल्यावर घशाला जीवघेणी सूज येते, असा इशारा अमेरिकी प्रशासनाला 2008 मध्ये द्यावा लागला. 2011 मध्ये ‘द स्पाइन जर्नल’ने कॅरागी आणि सहकाऱ्यांचा जो आढावा छापला, त्यात उद्योगाच्या पैशावर झालेल्या सुरुवातीच्या अभ्यासांत दुष्परिणाम जवळजवळ शून्य दाखवले होते आणि प्रत्यक्षात ते कितीतरी जास्त होते, असे निघाले. मग येल विद्यापीठाच्या पुढाकाराने सगळी मूळ आकडेवारी दोन स्वतंत्र गटांकडून तपासून घेतली गेली. 2013 चा निष्कर्ष असा, की पाठीत हाड जुळवण्यासाठी बीएमपी-2 रुग्णाच्या स्वतःच्या कंबरेतून काढलेल्या हाडापेक्षा ठळकपणे सरस नाही, आणि कर्करोगाच्या धोक्याची शंका पूर्ण फिटत नाही. हे वाचून अनेकांनी ग्रोथ फॅक्टरचा अध्यायच मिटवला. मला तो निष्कर्ष घाईचा वाटतो. ज्यांचे स्वतःचे हाड उत्तम आहे अशा लोकांत प्रथिन सरस ठरले नाही, एवढेच त्यातून सिद्ध झाले. स्टेरॉइडच्या रुग्णाच्या कंबरेतले हाडही स्टेरॉइडमध्ये मुरलेले असते. ‘स्वतःचेच हाड वापरा, फुकट आहे आणि उत्तम आहे’ हा आक्षेप म्हणूनच इथे अर्धाच लागू पडतो. उत्तम ते असेलच याची खात्री नाही, आणि ठिसूळ हाडाच्या माणसाच्या कंबरेला आणखी एक जखम करणे हे फुकटही नव्हे.

आदेशाला धरून ठेवणाऱ्या चौकटीच्या प्रश्नावर तंजावरमध्ये काम चालते. शहराबाहेर तिरुमलैसमुद्रम इथल्या शास्त्र विद्यापीठात नॅनोतंत्रज्ञान आणि जैव-सामग्रीचे एक केंद्र आहे, सेन्टॅब या लघुनावाने ओळखले जाणारे. ते उभे करणारे स्वामिनाथन सेतुरामन यांनी अमेरिकेत केटो लॉरेन्सिन यांच्यासोबत हाडासाठीच्या विरघळणाऱ्या बहुवारिकांवर काम केलेले आहे, आणि केंद्राचा भरही एखाद्या एकट्या प्रथिनावर नसून चौकटीवर आहे: हाड, कातडी, मज्जातंतू, रक्तवाहिनी यांच्यासाठी पेशींना बसता येईल असे तंतुमय सांगाडे. इलेक्ट्रोस्पिनिंग ही त्यातली मुख्य रीत दिसायला साधी आहे. बहुवारिकाचे द्रावण सिरिंजमध्ये भरायचे, सुईच्या टोकाला हजारो व्होल्टचा दाब द्यायचा, आणि टोकाशी लोंबणारा थेंब ताणला जाऊन त्याचा केसापेक्षा शेकडो पटींनी बारीक धागा समोरच्या धातूच्या पत्र्यावर जमा होऊ द्यायचा. कोलॅजनचे नैसर्गिक धागे साधारण याच मापाचे असतात, म्हणून पेशी त्यांना ओळखीच्या समजून चिकटतात. धाग्याच्या आत प्रथिन कोंडता येते, म्हणजे धागा विरघळेल तसतसे ते आठवडेच्या आठवडे झिरपत राहते. धाग्यात हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइटचे कण मिसळले तर क्षारांचाही पुरवठा होतो. संपत-रेड्डींच्या प्रयोगाने विचारलेला आणि स्पंजाने टाळलेला प्रश्न अशा प्रयोगशाळा पुन्हा हातात घेत आहेत. जगभर असे शेकडो सांगाडे बनतात आणि त्यांतले फारच थोडे रुग्णापर्यंत पोचतात, हेही खरे. कारण शोधनिबंधासाठी निरोगी उंदराच्या कवटीला पाडलेले भोक पुरते. स्टेरॉइडच्या बाबतीत ते पुरू नये. महिनाभर प्रेडनिसोलोन देऊन हाड थकवलेल्या प्राण्यात जो सांगाडा टिकत नाही, त्याच्या निरोगी प्राण्यातल्या यशाला या रुग्णांसाठी फारसा अर्थ नाही.

‘एवढा खटाटोप कशाला, स्टेरॉइडच बंद करा’ हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो, आणि त्यात तथ्य आहे. भारतात या गोळ्या चिठ्ठीवाचून मिळतात, गुडघेदुखीच्या पुड्यांत सांगता न सांगता मिसळलेल्या सापडतात, आणि डॉक्टरने पाच दिवसांसाठी लिहिलेली गोळी रुग्ण पाच महिने घेतो. असे स्टेरॉइड थांबवणे हाच उपाय, अर्थात डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवत. एकदम बंद केले तर शरीराचे स्वतःचे संप्रेरक पुरे पडत नाही आणि जिवावर बेतू शकते. पण ल्यूपसने मूत्रपिंडे गाठलेल्या किंवा दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवलेल्या माणसाला हा सल्ला देता येत नाही. त्याला डोस कमीत कमी ठेवणे, सोबत कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व, आणि हाड झिजू न देणारे औषध, एवढे तरी मिळायला हवे. हे स्वस्त आहे, ठाऊक आहे, आणि तरी सर्रास राहून जाते; एकाच रुग्णाला संधिवाताचा डॉक्टर एका इमारतीत बघतो आणि हाडांचा दुसऱ्या, मधे कुणी एकमेकांची चिठ्ठी वाचत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हाडाशी प्रथिन ठेवण्यापेक्षा टेरिपॅराटाइडचे रोजचे इंजेक्शन काय वाईट? पॅराथायरॉइड संप्रेरकाचा हा तुकडा काही ग्रोथ फॅक्टर नव्हे, पण तो ऑस्टिओब्लास्टना मरण्यापासून वाचवतो, म्हणजे स्टेरॉइड नेमके जे बिघडवते तेच सुधारतो. आणि त्याच्यामागे माणसांचा पुरावा आहे. केनेथ साग आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये स्टेरॉइडवरच्या 428 रुग्णांत 18 महिने टेरिपॅराटाइड आणि अ‍ॅलेंड्रोनेट यांची तुलना केली. मणक्यांची घनता पहिल्या गटात 7.2 टक्के वाढली, दुसऱ्यात 3.4, मणक्याची नवी मोड पहिल्या गटात 0.6 टक्क्यांना, दुसऱ्यात 6.1. भारतीय कंपन्या हे औषध बनवतात, त्यामुळे बीएमपीच्या तुलनेत ते आवाक्यातले आहे. या आक्षेपाला माझे उत्तर असे की तो आक्षेप नसून माझ्याच मुद्द्याचा पुरावा आहे. आधी पेशी जगवा, मग आदेश द्या. टेरिपॅराटाइडची मर्यादाही लक्षात ठेवावी. मोड होऊ न देणे आणि झालेली मोड लवकर जुळवणे ही दोन वेगळी कामे आहेत. मनगटाच्या मोडीवर 102 स्त्रियांत 2010 मध्ये झालेल्या चाचणीत हाड सांधायला औषधाविना 9.1 आठवडे लागले, रोज 20 मायक्रोग्रॅमला 7.4, आणि दुप्पट डोसाला 8.8. वाढवला तसा फायदा वाढला नाही. आणि खुब्यातला, रक्ताअभावी मेलेला मांडीच्या हाडाचा गोळा या इंजेक्शनाने जिवंत होईल अशी अपेक्षा करता येत नाही, कारण तिथे औषध नेणारे रक्तच पोचत नाही.

खुब्याचा हा गोळा हेच माझ्या मते ग्रोथ फॅक्टरचे खरे रणांगण आहे, आणि महाराष्ट्राला त्याची ओळख महामारीने करून दिली. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या संजय अगरवाला आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये कोविडमधून उठलेल्या तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. तिघांच्याही मांडीच्या हाडाचा गोळा रक्ताअभावी मरू लागला होता. त्यांना मिळालेले स्टेरॉइड प्रेडनिसोलोनच्या हिशेबात सरासरी 758 मिलिग्रॅम, किमान 400. दुखणे कोविड झाल्यापासून सरासरी 58 दिवसांत सुरू झालेले. तोवरच्या वाङ्मयात हा विकार साधारण 2,000 मिलिग्रॅमनंतर आणि सहा महिने ते वर्षाने दिसतो असे धरले जाई. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने जीव वाचवणारा म्हणून ठरवलेला डोस, रोज 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन दहा दिवस, हा प्रेडनिसोलोनच्या भाषेत सुमारे 400 मिलिग्रॅमच होतो. तीन रुग्णांवरून नियम बनत नाही, आणि कोविडमध्ये रक्त गोठण्याचा दोष वेगळाच होता. पण या विकारात काही महिन्यांची अशी एक खिडकी असते, जेव्हा हाड मेलेले असते पण गोळा अजून खचलेला नसतो. खचला की सांधा बदलण्यावाचून पर्याय राहत नाही, आणि रुग्ण बहुधा तिशी-चाळिशीतला असतो. या खिडकीत गोळ्याला छिद्र पाडून आतला दाब कमी करतात. त्याच छिद्रातून रक्तवाहिन्या आणि हाड दोन्हींना चालना देणारे काही आत ठेवता आले तर? जपानमध्ये एफजीएफ-2 हे प्रथिन जिलेटिनच्या जेलमधून सावकाश सुटेल असे करून, न खचलेल्या गोळ्यांत ठेवून पाहिले गेले. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेली ती पहिली चाचणी अवघ्या दहा रुग्णांची होती. छोटीच. पण प्रश्न योग्य होता: ठरावीक जागा, कमी प्रथिन, हळूहळू सुटणारे वाहन, आणि रक्तवाहिनीचा विचार हाडाच्या बरोबरीने.

आपल्याकडे मोकळ्या बाजारात याऐवजी जे मिळते ते प्लेटलेट भरपूर असलेले रक्तद्रव, पीआरपी. रुग्णाचेच रक्त काढायचे, फिरवायचे, त्यातला पिवळसर भाग टोचायचा. प्लेटलेटमध्ये पीडीजीएफ आणि टीजीएफ-बीटा असतात, म्हणून कल्पना चुकीची नाही. पण प्रत्येक दवाखान्यात ते वेगळ्या वेगाने, वेगळ्या घनतेचे बनते, आणि कुणाला किती प्लेटलेट मिळाल्या याची नोंद क्वचितच राहते. स्टेरॉइडच्या रुग्णात त्याचा उपयोग होतो की नाही, हे अशाने कधीच कळणार नाही. नोंद ठेवण्याचे मोल आपल्याकडे नवे नाही: तंजावरचा राजा सरफोजी दुसरा (राज्यकाळ 1798 ते 1832) याने मोतीबिंदूच्या रुग्णांची रुग्णागणिक टिपणे आणि डोळ्यांची चित्रे करवून घेतली. ती सरस्वती महाल ग्रंथालयात अजून पाहायला मिळतात. त्याच्या धन्वंतरी महाल या औषधशाळेतल्या औषधांबद्दल कौतुकाने बोलणारे पुष्कळ भेटतात, या टिपणांबद्दल बोलणारे थोडे. मला विचाराल तर वैद्यकाच्या दृष्टीने जास्त आधुनिक गोष्ट ती टिपणेच.

राहिला चाचणीचा प्रश्न. सर्वसाधारण लोकांत हाड न जुळण्याचे प्रमाण मुळात कमी असते. अमेरिकेतल्या 3,09,330 मोडींच्या 2016 च्या अभ्यासात ते 4.9 टक्के आले. एवढ्या कमी घटनांत फरक दाखवायला हजारो रुग्ण लागतात, आणि तेवढा खर्च महागडे प्रथिन विकणारी कंपनी स्टेरॉइडच्या अवघड रुग्णांवर करणार नाही. यश कमी दिसण्याचीच तिला भीती. खुब्याच्या गोळ्यात मात्र उपचार न केल्यास खचण्याचे प्रमाण मोठे असते, म्हणून तिथे काही शे रुग्णही पुरावेत. भारतात असे रुग्ण मोठ्या सरकारी रुग्णालयांत जमतात. तंजावरला मेडिकल कॉलेज आणि सांगाडे बनवणारी प्रयोगशाळा एकाच शहराच्या परिसरात आहेत, मुंबई-पुण्यातही दोन्ही आहे. चाचणीची रूपरेषाही फार गुंतागुंतीची नको. एमआरआयवर न खचलेला गोळा, स्टेरॉइडचा एकूण डोस नोंदलेला, सर्वांना छिद्र पाडण्याची शस्त्रक्रिया आणि डी जीवनसत्त्व. निम्म्यांच्या छिद्रात नुसता सांगाडा, निम्म्यांच्या छिद्रात तोच सांगाडा कमी डोसाच्या प्रथिनासह. नुसत्या सांगाड्याचा गट यात वगळून चालणार नाही, कारण फायदा चौकटीचा की आदेशाचा, हे त्याच्यावाचून कळायचे नाही. दोन वर्षांनी किती गोळे खचले ते मोजायचे, आणि मोजणाऱ्याला कोण कोणत्या गटातला हे माहीत नसावे. सांगाड्याचा गटच बरोबरीने चांगला निघाला, तर ज्या प्रथिनाने एवढी वर्षे लक्ष वेधून घेतले त्याच्यावाचूनही या रुग्णांचे बरेचसे भागेल, आणि उपचाराचा खर्च कितीतरी खाली येईल.